बर्फातला सण कसा वाचावा: हिवाळी चित्रातला भाव आणि खुणा ओळखण्याची रीत

कोकणात डिसेंबर म्हणजे पहाटेचं दव, खाडीवरचं धुकं, अंगणातली शेकोटी आणि आंब्याला फुटू लागलेला मोहोर. झाडं हिरवीच असतात. आंबा, फणस, काजू, माड यांतलं एकही झाड थंडीत उघडं पडत नाही. म्हणूनच युरोपातलं हिवाळी सणाचं चित्र समोर आलं की इथल्या नवख्या माणसाची दोन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिली बर्फाची. बर्फ दिसला की आपण ‘किती सुंदर’ म्हणून मोकळे होतो, पण चित्रातल्या माणसांसाठी तो बर्फ म्हणजे थांबलेली शेती, गोठलेली पाणचक्की आणि सरपणाची काळजी असते. दुसरी फसगत हिरव्या झाडाची. सगळं रान निष्पर्ण झालेलं असताना एकटं देवदारासारखं सुचिपर्णी झाड हिरवं राहतं, म्हणून तिकडे ते टिकून राहणाऱ्या जीवनाची खूण झालं. बारा महिने हिरवाई पाहणाऱ्याला त्या झाडाचं महत्त्व आपोआप जाणवत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये घाटातून जाताना पानगळ झालेल्या सागाच्या रानात एखादं हिरवं झाड दिसतं, ते आठवा आणि मग चित्राकडे वळा.

हा लेख चित्रकला शिकू लागलेल्यांसाठी आहे, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पुढे जाऊन चित्र ‘समजून’ घ्यायचं आहे त्यांच्यासाठी. रीत सोपी आहे, पण क्रम मोडायचा नाही. आधी पुरावा, मग भाव, आणि खुणांचा अर्थ सर्वांत शेवटी. बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्याने होतात.

तयारी

आपल्यापैकी बहुतेकांना ही चित्रं पडद्यावर किंवा छापील प्रतीतच पाहायला मिळणार. मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर उत्तम प्रती असतात. ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम तर मोठ्या आकाराच्या प्रती मोफत उतरवून घेऊ देतं. फोनवर पाहणार असाल तर रात्रीसाठीचा किंवा डोळ्यांच्या आरामासाठीचा पिवळा फिल्टर आधी बंद करा. तो चालू असला की निळसर बर्फ पिवळट दिसतो आणि गारठ्याचं चित्र उबदार वाटू लागतं. आपोआप कमी-जास्त होणारा ब्राइटनेसही बंद करून पाऊण भागावर ठेवा.

प्रिंट काढायची तर ए-फोर आकाराच्या मॅट कागदावर काढा. चकचकीत कागदावर ट्यूबलाइट चमकते आणि नेमके अंधारे कोपरे दिसत नाहीत. प्रिंटशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून पडद्याशी ताडून पाहा. पडद्यावर निळसर असलेला बर्फ प्रिंटवर गुलाबी किंवा हिरवट आला असेल, तर त्या प्रतीवरून रंगाबद्दल एकही नोंद करू नका. तपशील आणि रचना पाहायला ती चालेल.

बाकी साहित्य थोडं लागतं: वही, पेन्सिल, ए-फोर ट्रेसिंग पेपरचा एक तुकडा आणि काळ्या कार्डपेपरचे दोन ‘एल’ आकार. एलचा प्रत्येक हात २० सेंमी लांब आणि ४ सेंमी रुंद कापा. हे दोन एल एकमेकांवर सरकवून चित्राचा हवा तेवढाच भाग उघडा ठेवता येतो. एका चित्राला निदान एक तास द्या.

पहिली पायरी: पाटी

चित्रकार, साल, माध्यम, आकार आणि चित्र कुठे आहे, एवढं लिहून घ्या. नावावर फार विसंबू नका, कारण बऱ्याच जुन्या चित्रांना नावं मागाहून मिळाली आहेत. आकार मात्र नीट पाहा. पडद्यावर सगळी चित्रं सारखीच दिसतात. गेर्टगेन टॉट सिंट यान्स याचं रात्रीच्या येशूजन्माचं चित्र (लंडन, नॅशनल गॅलरी) जेमतेम ३४ बाय २५ सेंमी, म्हणजे शाळेच्या मोठ्या वहीएवढं आहे. ते एकट्याने, जवळून पाहण्याचं चित्र. पीटर ब्रूगेलचं ‘बर्फातले शिकारी’ (१५६५, व्हिएन्ना) ११७ बाय १६२ सेंमीचं आहे. ते अँटवर्पच्या निक्लास योंगेलिंक या धनिकाच्या घरासाठी केलेल्या ऋतुमालिकेतलं आहे. येणारे-जाणारे ते समोर उभे राहून पाहत. पहिल्या चित्रातली शांतता आणि दुसऱ्यातला पसारा याच्याशी आकाराचा थेट संबंध आहे. जमिनीवर खडूने मूळ आकाराचा चौकोन आखून घ्या, लगेच उमजेल.

दुसरी पायरी: नुसती यादी

ट्रेसिंग पेपर उभा-आडवा तीन-तीन भागांत दुमडून नऊ चौकोन पाडा आणि चित्रावर ठेवा. पडद्यावर पाहत असाल तर मनाशी नऊ भाग करा. प्रत्येक चौकोनातल्या निदान तीन गोष्टी लिहा. फक्त वस्तू आणि क्रिया. ‘उदास’, ‘प्रसन्न’, ‘गूढ’ असले शब्द या पायरीवर वर्ज्य. चौकोन कशासाठी, तर डोळा चेहऱ्यांकडे आणि मध्याकडे धावतो आणि कोपरे राहून जातात. हिवाळी चित्रांत तर कोपऱ्यांतच खूप काही दडलेलं असतं.

‘बर्फातले शिकारी’ घेऊन करून पाहा. डावीकडे तीन शिकारी आपल्याकडे पाठ करून उतारावरून निघालेत, मागे कुत्र्यांचा कळप आहे, माना खाली. एकाच्या खांद्यावरच्या काठीला एकच कोल्हा लटकतोय. त्यांच्या डावीकडे खाणावळीची पाटी एका बाजूने सुटून तिरकी लोंबतेय. पाटीखाली जाळ पेटलेला आहे आणि ज्वाळा वाऱ्याने कलल्या आहेत. उजवीकडे खाली पाणचक्कीचं चाक गोठलंय. जवळच्या लहान पुलावरून कुणीतरी सरपणाची मोळी नेतंय. दूर गोठलेल्या तळ्यांवर माणसं घसरतात, खेळतात. आणखी दूर एका घराच्या धुराड्याला आग लागली आहे आणि लोक शिडी लावून धावपळ करताहेत. वर एक पक्षी पंख पसरून उडतोय आणि मागे टोकदार डोंगर आहेत.

यादी एवढी झाली की भाव शोधावा लागत नाही, पुढे येऊ लागतो. तिघं शिकारी आणि कोल्हा एकच. पाटी तुटलेली, चाक थांबलेलं, कुत्री थकलेली. आणि त्याच चित्रात, खालच्या तळ्यावर, माणसं खेळताहेत. हे दोन्ही एकदम लिहिता आलं पाहिजे. केवळ ‘उदास’ लिहिणारा खेळ विसरतो, केवळ ‘मजेदार’ लिहिणारा कोल्हा.

यादीमुळे आणखी एक गोष्ट पकडता येते. ब्रूगेलच्या सपाट मुलखात असले डोंगर नाहीत. तो १५५० च्या दशकात आल्प्स ओलांडून इटलीला जाऊन आला होता, ते डोंगर त्याने इथे आणून बसवले. म्हणजे हे पाहून जसंच्या तसं उतरवलेलं गाव नव्हे, रचलेलं जग आहे. चित्रकाराने जे मुद्दाम आणलं, त्यापुढे ‘का?’ असं लिहून ठेवा.

तिसरी पायरी: उजेड कुठून येतो

भाव ठरवण्यात उजेडाचा वाटा सर्वांत मोठा, असं आमचं ठाम मत आहे. तीन प्रश्न विचारा: उजेडाचा उगम चित्रात दिसतो का, तो उबदार आहे की गार, आणि सावल्यांचा रंग कोणता.

सावल्यांचा रंग नवख्यांना पटत नाही, म्हणून एक प्रयोग करा. थंडीच्या दिवसांत, आकाश स्वच्छ असताना, सकाळी आठच्या सुमारास अंगणात धुतलेला पांढरा पंचा किंवा चादर पसरा आणि बाजूला काठी रोवा. कागदाची सुरळी करून तिच्यातून फक्त काठीच्या सावलीकडे पाहा, आजूबाजूचं काही दिसू देऊ नका. सावली राखाडी नव्हे, निळसर दिसेल. काठीने सूर्याचा थेट प्रकाश अडवलेला असतो, तिथे पोचतो तो निळ्या आकाशाचा उजेड. ढगाळ दिवशी हाच प्रयोग केलात तर सावली पुसट आणि राखाडी येते. बर्फाचंही असंच होतं.

हे समजलं की क्लोद मोनेचं ‘मॅगपाय’ (१८६८–६९, पॅरिसचं ओर्से संग्रहालय) उलगडतं. मॅगपाय हा तिकडचा काळा-पांढरा पक्षी. कुंपणाच्या लांब निळ्या सावल्या, ऊन पडलेला बर्फ, फाटकावर बसलेला एकच पक्षी. पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनाने, म्हणजे १८६९ च्या सालाँने, हे चित्र नाकारलं होतं. त्या निळ्या सावल्यांत दुःख शोधू नका. तिथे स्वच्छ आकाश आणि कललेला सूर्य आहे. सावल्या आपल्या दिशेने येतात, म्हणजे सूर्य समोर, कुंपणापलीकडे. ‘निळा म्हणजे उदासी’ असं पाठ करून आलेले विद्यार्थी या चित्रापाशी हमखास चुकतात.

‘शिकारी’मध्ये सावल्या जवळजवळ नाहीतच. आकाश हिरवट-राखाडी आहे आणि खालची गोठलेली तळीही त्याच रंगाची. वरून ऊब येत नाही आणि खालूनही नाही. जाळ चित्राच्या मानाने एवढासा. एल सरकवून तो झाका आणि चित्र पाहा, मग उघडा. एका लहानशा तांबूस ठिपक्यावर ऊब किती अवलंबून आहे ते कळेल.

घरातल्या सणाच्या चित्रात उगम बहुधा आतच असतो. डेन्मार्कच्या व्हिगो योहान्सेनने १८९१ मध्ये नाताळच्या झाडाभोवती हात धरून फेर धरलेलं कुटुंब रंगवलं. उजेड झाडावरच्या मेणबत्त्यांचा. आपल्या बाजूच्या आकृत्या त्यामुळे काळपट दिसतात आणि पलीकडचे चेहरे उजळतात. आपण फेराच्या बाहेर, अंधारात उभे राहतो. उबेसोबत थोडी हुरहूर वाटते ती या मांडणीमुळे. गेर्टगेनच्या चित्रात तर उजेड बाळाच्याच अंगातून येतो. दूरच्या टेकडीवर मेंढपाळांना दिसणारा देवदूतही उजळ आहे, पण जवळचे सगळे चेहरे बाळाच्या उजेडाने दिसतात. तिथे प्रकाश हीच मुख्य खूण आहे.

डोळे अर्धवट मिटून चित्र पाहायची सवय लावा. तपशील पुसले जातात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे उरतात. सर्वांत उजळ तुकडा कोणता आणि सर्वांत गडद कोणता, हे लिहा.

चौथी पायरी: माणसं कुणीकडे बघतात

ही पायरी लोक घाईने उरकतात, आणि सणाच्या चित्रात सगळी गंमत इथेच असते. यान स्टेनचं ‘संत निकोलसचा सण’ (१६६५–६८, राइक्सम्युझियम, ८२ बाय ७०.५ सेंमी) घ्या. नेदरलँड्समध्ये ५ डिसेंबरच्या संध्याकाळी मुलं पायताण मांडून ठेवतात. शहाण्या मुलांना खाऊ-खेळणी मिळतात, खोडकरांना काटक्यांची छडी.

आता नजरा आणि हात एकेक करून ट्रेसिंग पेपरवर बाणांनी काढा. मध्ये एक लहान मुलगी बाहुली छातीशी धरून आहे, हाताला खेळण्या-खाऊची बादली. समोर बसलेली आई तिच्याकडे हात पसरते, मुलगी मात्र द्यायला तयार नाही. डावीकडे मोठा मुलगा रडतोय. त्याच्यामागे एका मुलीच्या हातात त्याचं पायताण आहे आणि त्यात छडी. मधला एक लहान भाऊ हसत हसत त्या पायताणाकडे बोट दाखवतो आणि चित्राबाहेर, थेट आपल्याकडे बघतो. उजवीकडे एक मुलगा कडेवर बाळ घेऊन वर धुराड्याकडे बोट दाखवतोय, कारण संत तिथूनच आले अशी समजूत आहे. बाळाच्या हातात संताच्या आकाराची खाऊची बाहुली. मागे, पडद्याजवळ, आजी बोटाने कुणालातरी बोलावतेय.

बाण काढून झाले की दिसेल, हसणाऱ्याचा बाण रडणाऱ्याकडे जातो आणि तिथून आपल्याकडे. म्हणजे चित्रकाराने आपल्याला थट्टेत सामील करून घेतलं आहे. आणि रडणाऱ्या मुलाला न दिसणारी एक गोष्ट आपल्याला दिसते: आजीचं बोट. पडद्यामागे त्याच्यासाठी काही ठेवलेलं असावं. मुलगा रडतोय तो आत्तापुरता, दिलासा मागे तयार आहे. ‘चित्र आनंदी आहे’ किंवा ‘चित्र शिस्तीबद्दल आहे’ ही दोन्ही वाक्यं अपुरी पडतात ती या एका बोटामुळे. आजी नुसत्या नजरेला पटकन सापडत नाही. नऊ चौकोनांची यादी केली असेल तरच ती सुटत नाही.

पाठमोरी माणसं दिसली तर त्यांची वेगळी नोंद करा. पाठ दिसली की आपण त्या माणसासोबत, त्याच्याच दिशेने बघू लागतो. ब्रूगेलचे शिकारी आपल्याला दरीत नेतात ते असे.

पाचवी पायरी: खुणा

आता, आणि आताच, प्रतीकांकडे या. हिवाळी सणांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या खुणा फार नाहीत. सुचिपर्णी झाड टिकणाऱ्या जीवनाचं किंवा श्रद्धेचं. हॉली या सदाहरित झुडपाची काटेरी पानं आणि लाल फळं ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटाची आणि रक्ताची आठवण देतात, म्हणून जन्माच्या सणातही मरणाची सावली असते. येशूजन्माच्या चित्रात पडकं बांधकाम म्हणजे मागे पडलेला जुना काळ. बैल आणि गाढव बाळाजवळ असतात. तारा मागींना, म्हणजे बाळाच्या दर्शनाला निघालेल्या तीन राजांना, वाट दाखवतो.

अशी यादी पाठ केली की धोका सुरू होतो. प्रत्येक खुणेला तीन कसोट्या लावा. एक, चित्रकाराने ती ठळक केली आहे का: उजेडात, मध्यावर, एकटी किंवा विसंगत जागी? दोन, त्या काळात, त्या मुलखात तो अर्थ चालू होता का? तीन, पहिल्या चार पायऱ्यांत सापडलेला भाव त्या अर्थाशी जुळतो का? तीनपैकी दोन कसोट्या तरी उतरल्याशिवाय अर्थ लिहू नका. वस्तू केवळ वस्तूही असू शकते.

तिन्ही कसोट्यांना उतरणारं चित्र म्हणजे कास्पार डेव्हिड फ्रीडरिखचं ‘हिवाळी देखावा’ (१८११, नॅशनल गॅलरी, लंडन, ३२.५ बाय ४५ सेंमी). बर्फात टाकून दिलेल्या कुबड्या, खडकाला टेकून हात जोडलेला माणूस, त्याच्यासमोर सुचिपर्णी झाडांपाशी क्रूस आणि मागे धुक्यात चर्चची आकृती. तिचे मनोरे झाडांच्याच आकाराचे. झाड आणि चर्च एकमेकांसारखे काढलेत, हा चित्रातला पुरावा. कुबड्या टाकल्यात, हा दुसरा. बर्फातून गवताची पाती डोकावताहेत, तीही मोठं करून पाहा. इथे ‘श्रद्धेने मिळालेली सुटका’ असा अर्थ लिहायला हरकत नाही, कारण चित्र तो चहूबाजूंनी उचलून धरतं.

आता पक्षी घ्या. घरावर कावळा ओरडला की पाहुणा येणार, असं आपल्याकडे म्हणतात, आणि पिंडाला कावळा शिवणं तर आपल्या हाडीमाशी आहे. ब्रूगेलच्या झाडांवरच्या काळ्या पक्ष्यांना यातलं काहीही लावू नका. दुसरी कसोटी तिथेच मोडते. मोनेच्या मॅगपायलाही मृत्यूची खूण म्हणणारे भेटतात. त्या चित्रात दुसरं काय आहे जे मृत्यूकडे नेतं? ऊन, कुंपण, सावल्या. पक्षी तिथे पांढऱ्यावर काळा ठिपका म्हणून आहे, आणि त्याच्यामुळे बाकीची स्तब्धता जाणवते. एवढं लिहिणं पुरेसं आहे.

उलटी चूकही होते: खूण असते आणि आपण तिला ओलांडून जातो. ब्रूगेलचं ‘बेथलेहेमची शिरगणती’ (१५६६, ब्रुसेल्स) वरवर पाहता बर्फातलं फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बाजूचं, खेडं आहे. डावीकडे खाणावळीपाशी नाव नोंदवून पैसे भरायला गर्दी, पुढे डुक्कर मारण्याचं काम, मुलांचे बर्फातले खेळ, फांद्यांआड मावळता लाल सूर्य. बायबलमधल्या कथेत येशूचे आईबाप मेरी आणि जोसेफ याच शिरगणतीसाठी बेथलेहेमला येतात आणि त्यांना खाणावळीत जागा मिळत नाही. त्यांना शोधा. मध्याच्या किंचित उजवीकडे, खाली, गाढवावर पांघरूण घेऊन बसलेली बाई आणि पुढे खांद्यावर करवत घेतलेला माणूस. सोबत बैल. तेजोवलय नाही, कुणाचं लक्षही नाही. करवतीवरूनच जोसेफ ओळखायचा, कारण तो सुतार. मुख्य माणसं गर्दीत अशी हरवून टाकणं हाच चित्राचा अर्थ आहे: आणखी एक थकलेलं कुटुंब, आणि जागा नसलेली खाणावळ. इथे एल वापरा. फक्त त्या दोघांवर चौकट धरा, मग हळूहळू ती मोठी करत जा आणि ते कधी दिसेनासे होतात ते पाहा.

सहावी पायरी: सण नेमका कोणता

सगळ्याला ‘ख्रिसमस’ म्हणून मोकळं होऊ नका. पायताण, छडी, धुराडं दिसलं तर संत निकोलस, ५–६ डिसेंबर. गोठा आणि बाळ म्हणजे येशूजन्म, २४–२५ डिसेंबर. कागदी मुकुट, जमिनीवर तीन मेणबत्त्या, नाहीतर तीन राजे दिसले तर ६ जानेवारीचा तीन राजांचा सण. गोव्यात रेइश मागुश आणि चांदोरला याच सणाचं फेस्त होतं, तेव्हा कोकणच्या वाचकाला तारीख लक्षात ठेवणं जड जाऊ नये. आणि ‘शिकारी’त तर सण नाहीच. तो डिसेंबर-जानेवारीचा ऋतू आहे.

साल इथे उपयोगी पडतं. १५६४–६५ चा हिवाळा युरोपात अतिशय कडक होता, आणि ब्रूगेलची ही चित्रं त्याच्या लगोलग आली. स्टेन कॅथलिक होता. त्याच्या काळातल्या प्रॉटेस्टंट धर्मगुरूंना संत निकोलसचा सण पसंत नव्हता. तरी घराघरांत तो चालूच होता. त्यामुळे बाळाच्या हातातल्या संताच्या आकाराच्या खाऊकडे जरा जास्त वेळ पाहा. ही माहिती मात्र सहाव्या पायरीवरच वाचा. आधी वाचलीत तर चित्रात तेवढंच दिसेल.

सातवी पायरी: भाव शब्दांत

‘छान’, ‘सुंदर’, ‘मनमोहक’ हे शब्द काढून टाका. ते कुठल्याही चित्राला चालतात, म्हणून कुठल्याच चित्राबद्दल काही सांगत नाहीत. मराठीत भावासाठी नेमके शब्द भरपूर आहेत: हुरहूर, ऊब, धास्ती, निवांतपणा, गजबज, सुन्नपणा, ओढ, कोंडी, दिलासा. दोन शब्द निवडा, शक्यतो एकमेकांना ताण देणारे, आणि प्रत्येकाला चित्रातले निदान दोन पुरावे जोडा.

कच्चं वाक्य: ‘या चित्रात थंडीचं सुंदर वातावरण आहे आणि शिकारी दुःखी वाटतात.’ पक्कं वाक्य: ‘अग्रभूमीत थकवा आहे, कारण कुत्र्यांच्या माना खाली आहेत आणि तिघांत मिळून एकच कोल्हा आहे. दरीत मात्र गजबज आहे, कारण तळ्यावर माणसं खेळताहेत. झाडांची रांग डोळ्याला थकव्यातून गजबजीकडे उतरवत नेते.’ दुसऱ्या वाक्याशी कुणी असहमत झालं तर त्याला चित्रातच बोट ठेवावं लागेल. चांगल्या वाचनाची ही खरी परीक्षा.

वाक्य लिहून झालं की ते अशा माणसाला वाचून दाखवा ज्याने चित्र पाहिलेलं नाही. त्याने अंदाजाने दोन ओळींचं रेखाटन करावं. ते मूळ चित्राच्या जवळपासही गेलं नाही, तर पुरावे कमी पडलेत.

हीच रीत आपल्या मुलखात

आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) हा मूळचा गोव्याच्या सांत इस्तेव्हचा चित्रकार. शांतिनिकेतनात शिकला आणि पुढे बराच काळ पुण्यात राहिला. त्याने मेरीला साडी नेसवली आणि येशूकथा भारतीय माणसांत, भारतीय घरांत आणली. त्याच्या कामाचा मोठा संग्रह गोव्यातल्या आल्त पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास संशोधन संस्थेत आहे. तिथे बर्फ नाही, सुचिपर्णी झाड नाही. मग पवित्रता कशातून येते? वस्त्राचा रंग, मान झुकवण्याची ढब, बसण्याची रीत, रेषेचा संथपणा. पायऱ्या त्याच, पुरावे वेगळे. ब्रूगेलने बेथलेहेम फ्लेमिश खेड्यात आणलं तसंच काम फोन्सेकाने केलं, हे दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की लक्षात येतं.

गोवा, सावंतवाडी, वसईकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळचा गोठा मांडतात, तोही याच पद्धतीने वाचता येतो. त्यात आधीपासून धान्य पेरून उगवलेली कोवळी हिरवळ ठेवतात. बर्फाच्या देशात सुचिपर्णी झाड जे सांगतं, ते इथे हा ताजा कोंभ सांगतो. घरावरचा कागदी तारा आणि दिवाळीचा आकाशकंदील मात्र एकाच अर्थाचे समजू नका. कामट्या, कागद आणि आतला दिवा सारखा असला तरी तारा मागींच्या वाटेचा आहे.

स्वतः हिवाळी सणाचं चित्र काढणार असाल तर कापसाचा बर्फ टाळा. इथल्या थंडीच्या खुणा वापरा: शेकोटीभोवती पुढे झुकलेली माणसं, डोक्याला गुंडाळलेली मफलर, दवाने गडद झालेली अंगणातली माती, मोहोर, रायगडकडे पेटलेली पोपटीची आग. ऊब दाखवायला तांबूस-पिवळा रंग थोडाच वापरा, चित्राच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नको, आणि बाकी भाग निळसर-राखाडी ठेवा. शेकोटीचा जाळ मोठा केला की थंडी नाहीशी होते. विद्यार्थ्यांच्या चित्रांत हे सतत दिसतं.

सरावासाठी क्रम असा ठेवा: आधी मोने, कारण तिथे उजेडाशिवाय दुसरं ओझं नाही. मग ‘शिकारी’, मग स्टेन. फ्रीडरिख त्यानंतर, म्हणजे खुणांचा मोह आवरायची सवय झालेली असेल. ‘शिरगणती’ शेवटी घ्या आणि तिला दोन बैठका द्या, एकीत फक्त यादी, दुसरीत बाकी पायऱ्या. प्रत्येक चित्राची नोंद वहीच्या दोन पानांत बसवा: डाव्या पानावर बाण आणि चौकोन, उजव्यावर भावाचं वाक्य आणि त्याचे पुरावे.